मालक नीट बोलत नाही : तालुक्याच्या गावात दुकानात, मिलमध्ये, जिनिंगवर काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी एकोणीस वर्षं कृषी सेवा केंद्रात काम केलं. आधी पोती उचलली, मग काउंटर सांभाळला, शेवटी हिशेब लिहिले. आता चार-पाच दुकानांचे हिशेब बघतो. रोज वेगळ्या गल्ल्यामागे बसणं होतं आणि कोणता मालक आपल्या माणसांशी कसा बोलतो ते कानावर पडतं. संध्याकाळी टपरीवर कामावरची पोरं जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

‘पटत नसेल तर सोड नोकरी’ हा सल्ला मी कोणालाही सहज देत नाही. शहरात एक दुकान सुटलं तर रस्त्यापलीकडे दुसरं असतं. आपल्याकडे मालक त्याच वार्डात राहतो, त्याच्याकडे वडिलांची बियाण्याची उधारी असते, बहिणीच्या लग्नात त्यानेच पैसे दिलेले असतात. म्हणून आधी तिथेच राहून नीट बोलण्याची वाट शोधायची, आणि ती शोधता शोधता बाहेर पडायची तयारीही चालू ठेवायची.

मालक नुसता तापट आहे की माणसाला कमी लेखतो, हे कसं ओळखायचं?

तो कशावर बोलतो ते बघा. ‘डीएपीचं पोतं भिजलं, ताडपत्री काऊन नाही टाकली?’ हे कामावरचं बोलणं झालं. आवाज कितीही चढलेला असो, त्यात तुमची चूक सांगितलेली आहे. ‘तुह्या बापानं कधी ताडपत्री पाह्यली होती का?’ यात काम कुठेच नाही, फक्त तुम्ही आहात.

दुसरी खूण म्हणजे तो कोणाकोणावर ओरडतो. कंपनीचा प्रतिनिधी माल उशिरा पाठवतो, बँकेचा माणूस तीन हेलपाटे घालायला लावतो, त्यांच्याशी मालक गोडच बोलतो. म्हणजे त्याला राग आवरता येतो. तुमच्यापुढे तो आवरत नाही, इतकंच.

पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यावरून मात्र कोणाचीही पारख करू नका. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मालकही उपाशी असतो, तुम्हीही. एप्रिल-मेच्या रिकाम्या दुपारी तो तुमच्याशी कसा बोलतो, तो त्याचा खरा स्वभाव.

सगळ्यांसमोर बोलला. त्या क्षणी काय करायचं?

माझ्यावर आलेली वेळ सांगतो. जूनचा महिना, मृगाचा पाऊस नुकताच होऊन गेलेला. काउंटरपुढे पंधरा-वीस शेतकरी, आणि त्यांच्यात माझे वडील. कपाशीच्या दोन पाकिटांसाठी तेही रांगेत उभे होते. पोराचं दुकान म्हणून पुढे घुसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी एका बिलावर लॉट नंबर चुकीचा लिहिला. मालकाने माझ्या हातातून बिलबुक ओढलं आणि काउंटरवर आपटलं. कार्बन पेपर उडून खाली पडला. तो वडिलांचं नाव घेऊन बोलला. वडील रांगेतच आहेत हे त्याला माहीत नव्हतं, पण नाव त्यांचंच घेतलं. मी मान वर केली तेव्हा वडील आपल्या चपलेकडे बघत होते. मग ते पाकिटं न घेताच निघून गेले.

मी तिथेच उलट बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ती माझी मोठी चूक झाली, कारण पुढचे आठ दिवस बाजारात चर्चा झाली ती माझ्या उत्तराची. मालक काय म्हणाला हे सगळे विसरले.

म्हणून आता पोरांना एकच वाक्य पाठ करून ठेवायला सांगतो : ‘शेठ, बिल मी दुरुस्त करतो. बाकीचं आपण सायंकाळी बोलू.’ एवढं म्हणायचं आणि हात कामाला लावायचे. मुकाट्याने ऐकून घेतलं असंही होत नाही आणि भांडणही पेटत नाही. गिऱ्हाइकालाही कळतं की या माणसाने ऐकून घेतलं, पण मान्य केलेलं नाही.

हात उचलला तर गोष्ट वेगळी. तिथे थांबू नका. दुकानाबाहेर या, ११२ वर फोन करा, लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्या. मारहाण हा गुन्हा आहे, मारणारा मालक असला तरी.

बोलायचं ठरवलं, तर कधी आणि कसं?

आपल्याकडे वेळ हंगामावरून ठरते. कृषी केंद्रात जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा सोडून द्या. जिनिंगवर असाल तर दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात, तिथे पावसाळा बरा. भंडारा-गोंदियाकडे राईस मिलवर नवीन धान येण्याच्या दिवसांत मालकाला पाणी प्यायला सवड नसते. बाजाराचा दिवस नको, वसुलीवरून रिकाम्या हाताने परत आला तो दिवस नको. उन्हाळ्यात दुपारी दोन-अडीचला रस्त्यावर कुत्रंही नसतं, शटर अर्धं खाली असतं, मालक कूलरसमोर बसलेला असतो. त्याहून चांगली वेळ नाही.

एकटे जा. पहिल्याच वेळी चार जणांना घेऊन गेलात तर त्याला मोर्चा आल्यासारखं वाटतं, आणि माणूस मोर्चापुढे ऐकत नाही, लढतो. उभ्या-उभ्या बोलू नका, स्टूल ओढून बसा. उभा माणूस एक तर हात जोडणारा दिसतो नाही तर अंगावर आलेला.

आणि एकच प्रसंग सांगा. मी पुढे ऑगस्टमध्ये बोललो, पोळ्याच्या आधल्या आठवड्यात. तीन दिवस मनात घोळवून गेलो होतो. ‘शेठ, पाच मिनिटं पाहिजेत. माझ्याबद्दल आहे.’ त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मी म्हटलं, ‘जूनमधी त्या दिवशी बाबा रांगेत होते. लॉट नंबर मी चुकवला, ते माझंच. मी उलट बोललो, तेही चुकलंच. मला चूक दाखवत जा, कडक बोला, पण माणसांसमोर बापाचं नाव घेऊ नका.’ एवढं बोलून गप्प बसलो. ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड गेलं. जीभ सारखी वळवळत होती की अजून दोन गोष्टी सांगाव्या.

बहुतेक मालक यावर एकच म्हणतात, माझाही तेच म्हणाला : ‘अरे, तुला घरच्यासारखा समजतो म्हणून बोलतो.’ त्याचं उत्तर तयार ठेवा. मी म्हटलं, ‘मीबी घरचंच समजतो, म्हणून तुमच्याशीच बोलायला आलो. बाहेर बोललो नाही.’

त्याच बैठकीत पगारवाढीचा विषय काढू नका. मग मानाचं बोलणं हा बहाणा होता, असं त्याला वाटतं. ‘नाहीतर मी सोडतो’ हेही खरोखर सोडायचं ठरलेलं असेल तेव्हाच म्हणा.

मालक माझा मामाच आहे. मामाशी असं कसं बोलणार?

नात्यातली नोकरी सगळ्यात अवघड, हे मी मनापासून म्हणतो. मामाने दुकानात पाणउतारा केला की आई म्हणते, ‘मामाच आहे ना, बोलला तर काय झालं.’ आणि मामी म्हणते, ‘आम्ही ठेवलं म्हणून पोट भरतंय.’

मी अशा चार-पाच दुकानांचे हिशेब पाहिले आहेत. जवळपास सगळीकडे मूळ दुखणं एकच : पगार ठरलेला नाही. ‘लागेल तसे घेऊन जा’ असं चालतं. दोन वर्षांनी मामाला वाटतं आपण भाच्याला पोसतो, भाच्याला वाटतं मामा फुकट राबवतो. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण आकडा कुठेच लिहिलेला नसतो. आधी आकडा ठरवून घ्या. ‘मामा, महिन्याचं नक्की करू, मी पाच तारखेला घेत जाईन.’ वहीत लिहून दोघांच्या सह्या. पगार लिहिला गेला की बोलण्यातली ‘पोसतो’ची भाषा बरीच कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईला मध्ये घालू नका. तिचा भाऊही तिचा आणि तुम्हीही तिचेच, दोन्हीकडून तिलाच बोल लागतात.

मालकाचा मुलगा माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एकेरीत बोलतो.

वऱ्हाडी बोलण्यात ‘तू’ आणि ‘बे’ प्रेमानेही येतात, त्यामुळे नुसत्या शब्दावर जाऊ नका, सूर ऐका. सूर खराबच असेल तर त्याच्या वडिलांकडे न जाता त्याच्याशीच बोला. वडिलांकरवी सांगितलेलं पोराला चहाडी वाटते. ‘भय्या, दुकानात गिऱ्हाइकापुढे मला काकाजी म्हणत जा, गिऱ्हाईकही मग नीट बोलतं.’ नागपूर-पुण्यात शिकून आलेल्या पोराला धंद्याच्या भाषेत सांगितलेलं लवकर पटतं. ‘तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं’ हे मात्र नको. त्याने तो आणखी चिडतो.

खताबरोबर दुसरा माल घ्यायला लावा म्हणतो. शेतकरी शिव्या मला देतात.

याला सगळे लिंकिंग म्हणतात. ४५ किलोची युरियाची गोणी सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांची. तिच्यासोबत नको असलेली बाटली किंवा पुडा घ्यायला लावायचा. अशी सक्ती बेकायदेशीर आहे. मालक आत गल्ल्यावर बसतो आणि शेतकऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून खोटं बोलायला तुम्हाला पुढे करतो. मला विचाराल तर हाही अपमानच, शिवीपेक्षा खोलवर जाणारा. तो शेतकरी तुमच्याच गावचा असतो. उद्या त्याच्याच बांधावरून तुम्हाला जायचं असतं.

मालकाला सांगा की मी विचारीन, पण सक्ती करणार नाही. आणि बिल फाडल्याशिवाय गोणी देऊ नका. खतविक्रीची नोंद होते त्या पॉस मशीनवर अंगठा घेतला की तेवढ्याच गोण्यांचं बिल शेतकऱ्याच्या हातात गेलं पाहिजे. कृषी विभागाची तपासणी येते तेव्हा साठा आणि मशीन जुळत नसेल तर मालक पहिलं बोट काउंटरवरच्या माणसाकडे दाखवतो. तुमच्या अक्षरातली बिलं नीट असली तर तुमच्यावर काही येत नाही.

गल्ल्यात पैसे कमी भरले. सगळ्यांदेखत चोर म्हणाला आणि पगारातून कापले.

चोरीचा आळ हा माणसाला आयुष्यभर चिकटतो. तालुक्यात तर आडनावालाच चिकटतो. म्हणून हे शांतपणे, पण लगेच निस्तरा. ‘आत्ताच, सगळ्यांसमोर मोजू’ म्हणा. बिलबुक, फोनवर आलेले पैसे आणि रोख असे तीन ढीग करा. कमी भरलेली रक्कम निम्म्या वेळा फोनवर आलेल्या पैशांत सापडते, नाही तर ‘घरी लागले’ म्हणून मालकीणबाईंनी नेलेल्या पाचशेत. रोज संध्याकाळी गल्ला मोजून वहीवर मालकाची सही घेण्याची सवय लावा. माझ्या ओळखीचा एक हार्डवेअरवाला सुरुवातीला चिडला, ‘माह्यावर भरोसा नाही का?’ म्हणाला. महिनाभराने तोच ती वही मागायला लागला.

कपातीबद्दल : मालकाला मनाला येईल तेवढं कापता येत नाही. नुकसान तुमच्या हलगर्जीपणाने झालं असेल तरच, आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच कपात करता येते, तीही नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नाही. दंड म्हणून कापायचं तर त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही.

पगार अडवून ठेवतो. उचल घेतलेली आहे, म्हणून सोडताही येत नाही म्हणतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा केंद्राचा कायदा, लागू झाली आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत.

उचल म्हणजे कर्ज, बेडी नाही. पाडव्याला साल धरणाऱ्या सालगड्यांपासून ही पद्धत चालत आली आणि दुकानांतही शिरली : वीस-तीस हजार आधी द्यायचे आणि मग वर्षभर वाटेल तसं बोलायचं. पैसे तुम्ही देणं लागता हे खरं. ते हप्त्याने फेडता येतात, दुसरीकडे काम करूनही फेडता येतात. उचल फिटेपर्यंत माणसाला जबरीने कामावर डांबून ठेवणं ही बंधबिगारी. ती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. त्याची तक्रार उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे होते. किती घेतले, किती फेडले, हे तारखेसह तुमच्या स्वतःच्या वहीतही असू द्या. मालकाच्या एकट्याच्या वहीवर भरोसा ठेवलेल्या माणसाची उचल मी कधी संपलेली पाहिली नाही.

जातीवरून बोलतो.

इथे ‘वेळ पाहून समजावून सांगा’ हा माझा सल्ला लागू नाही. दीक्षाभूमी ज्या विदर्भात आहे, त्या विदर्भात आजही कोणाचा चहाचा कप वेगळा ठेवला जातो, हे मी पाहिलं आहे, आणि लिहिताना लाज वाटते.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्या वर्गाबाहेरच्या कोणी लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी जातीवरून शिवी दिली किंवा जाणूनबुजून अपमान केला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. गुन्हा नोंदवायला आधी चौकशी व्हावी लागत नाही. चार भिंतींच्या आत, कोणी नसताना घडलेलं या कलमात बसवणं कठीण जातं. म्हणून त्या वेळी कोण-कोण हजर होतं ते आठवणीने त्याच दिवशी लिहून ठेवा. ठाण्यात एकटे जाऊ नका. आपल्या वस्तीतलं जाणतं माणूस किंवा वकील सोबत असू द्या.

मी कापड दुकानात काम करते. मालक घाणेरडं बोलतो, मुद्दाम जवळून जातो. आम्ही तिघीच आहोत, तक्रार कुठे करणार?

ताई, तिघी असल्या तरी जागा आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणीच अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास विभागात तिची चौकशी करा. तालुक्यातही यासाठी नोडल अधिकारी नेमायचा असतो, आणि आलेली तक्रार त्याने सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार लेखी द्या. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकते. महिला हेल्पलाइन १८१.

कायद्याआधी एक साधी गोष्ट. तिघींनी एकमेकींना सांगा. असा मालक प्रत्येकीला ती एकटीच आहे असं वाटू देत असतो. एका दुकानात तिघींनी ठरवलं की गोदामातून साड्यांचा गठ्ठा आणायला कोणीही एकटी जाणार नाही, दोघी जातील. मालक विचारायला लागला, ‘दोघी कशाला?’ तेव्हा त्यातली वयाने मोठी फक्त त्याच्याकडे बघत राहिली. तेवढं पुरलं. सगळीकडे पुरेल असं नाही, म्हणून कागद तयार ठेवाच.

डायरी लिही म्हणतात. काय लिहायचं?

तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. तुमच्या मनाला काय वाटलं ते नको. ‘मालक वाईट बोलला’ याचा उपयोग नाही. ‘१४ तारीख, साडेअकरा, दोन गिऱ्हाइकं आणि हमाल समोर, अमुक शब्द वापरले’ याचा आहे. दोनशे पानांची वही घ्या, पानं फाडू नका. ती दुकानात ठेवू नका.

व्हॉट्सॲपवर मालकाने लिहिलेलं किंवा बोलून पाठवलेलं काही असेल तर ते पुसू नका आणि तो फोनही विकू नका. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकील ते करून देतो, पण मूळ फोन असलेला बरा. आणि कितीही राग आला तरी मालकाला टोमणा मारणारं स्टेटस ठेवू नका. तासाभरात ते त्याच्यापर्यंत पोचतं, आणि मग बोलणं स्टेटसवर सुरू होतं.

कामगार कार्यालयात जाऊन खरंच काही होतं का?

पगार, तास, सुट्टी यांचं होतं. नुसत्या वाईट बोलण्याचं फारसं होत नाही. हे आधीच माहीत असलं म्हणजे निराशा होत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी बसतात. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. आठवड्याची सुट्टी, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर धरून सणांच्या पगारी सुट्ट्या, जादा तासांना दुप्पट दर हे सगळं त्यात आहे. तुमच्या दुकानाला त्यातलं काय लागू होतं हे कामावर माणसं किती आहेत यावर ठरतं, म्हणून जाताना सगळ्यांची नावं मोजून जा. किमान वेतन मात्र माणसं कितीही कमी असली तरी चुकत नाही.

शिवीगाळ आणि धमकी यासाठी पोलीस ठाणं. शिवीगाळीची बहुधा अदखलपात्र नोंद होते, लोक तिला एनसी म्हणतात. तिच्यावर पोलीस लगेच काही करत नाहीत, पण कागद तयार होतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती आहे. बायका, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

कायद्याकडे जाण्याआधी माझ्या मते एक पायरी आहे, ती म्हणजे व्यापारी लोकांतलाच एखादा वडीलधारा माणूस. मालक कामगार अधिकाऱ्याला चहा पाजून पाठवील, पण शेजारच्या दुकानातल्या आपल्या बरोबरीच्या माणसाने ‘शेठ, पोरगा चांगला आहे, असं नका बोलू’ म्हटलं तर त्याला लागतं. छळ, मारहाण, जात या बाबतीत मात्र ही पायरी गाळा. तिथे मध्यस्थ प्रकरण दाबतात.

रात्री झोप लागत नाही. सकाळी दुकानाकडे पाय वळत नाहीत.

घरी सांगा, आजच सांगा. आपल्याकडचे पुरुष हे सांगत नाहीत. बायकोला कळतं ते ताटात उरलेल्या भाकरीवरून. मी त्या जूननंतर दोन महिने घरी धड बोललो नव्हतो. जगणं नकोसं वाटत असेल तर १४४१६ वर टेलि-मानसला फोन करा. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल, तुम्ही गेलात तर घरच्यांनी काय करायचं?

सोडायचंच ठरलं. कसं सोडू?

ऐन हंगामात सोडू नका, मालकासाठी नव्हे, तुमच्या नावासाठी. तालुक्यात दुसरा मालक पहिल्याला फोन करून विचारतोच. ‘जूनमधी दगा दिला’ हे एक वाक्य तुमचं दार बंद करतं. आधी दुसरीकडे शब्द घ्या, घरात दोन महिन्यांचं धान्य-किराणा भरून ठेवा, मग सांगा.

राजीनामा कागदावर द्या, दोन ओळी पुरतात, मनातली भडास त्यात नको. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. चाव्या, बिलबुकं, पॉस मशीन, उधारीची वही, गोदामातला माल हे सगळं मोजून द्या आणि सही घ्या. सही देत नसेल तर मोजणीचा फोटो काढून त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवा. पाच वर्षं पुरी झाली असतील आणि दुकानात-मिलमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी बसते, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पुष्कळ मिलमालक याबद्दल बोलतच नाहीत आणि पुष्कळ माणसं मागतच नाहीत. मागा.

मी मालक आहे. माझी माणसं टिकत नाहीत. माझं चुकतं का?

हा प्रश्न दोनच जणांनी मला विचारला, आणि दोघांबद्दलही मला आदर आहे. चूक बाजूला घेऊन सांगा, शाबासकी गिऱ्हाइकापुढे द्या. जेवायच्या वेळी जेवू द्या. काउंटरमागे एक स्टूल ठेवा. बारा-बारा तास उभ्या पोरींचे पाय सुजतात, ते तुमच्या गल्ल्यावरून दिसत नाही. पगार तारखेला द्या, मागायला लावू नका. मागायला लावणं हाच दर महिन्याचा अपमान असतो. आणि माणसाच्या आई-बापाचं नाव तोंडात आणू नका. बाकी सगळं तो विसरेल, ते विसरणार नाही.

एवढं करून मालक बदलतो का?

माझा थोडा बदलला. त्या ऑगस्टनंतर त्याने माफी वगैरे मागितली नाही. टीव्हीचा आवाज परत वाढवला आणि म्हणाला, ‘चहा सांग दोन.’ पोळ्याला बोजारा (सणाचे पैसे) दिला तो नेहमीपेक्षा जास्त होता. ओरडणं सुटलं नाही, पण वडिलांचं नाव पुन्हा घेतलं नाही. दुसऱ्या पोरांवर मात्र तसंच चालू राहिलं. त्यांच्यासाठी मी तेव्हा बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या जूनमध्ये वडिलांनी बियाणं दुसरीकडून घेतलं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये आले. मालकाने त्यांना पाहिलं, ‘या काकाजी’ म्हटलं, खुर्ची सरकवली. वडील बसले नाहीत. रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर दोन पाकिटं घेतली, खिशातून चष्मा काढला आणि पाकिटावरचा लॉट नंबर माझ्या बिलावरच्या नंबरशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. ‘बरोबर आहे,’ म्हणाले, आणि बिल घडी करून खिशात ठेवलं.